निरगुडीच्या तेलाबद्दल, भर सभेत

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य, आदरणीय सर; उल्हासनगरहून अगत्याने आलेले प्रमुख पाहुणे, अंबरनाथच्या एमआयडीसीत सुगंधी द्रव्यांचा कारखाना चालवणारे श्री. मुकेश छाब्रिया, संस्थेचे सन्माननीय पदाधिकारी, जिथे नेहमी बसायला नको म्हणतात त्या मधल्या खुर्चीवर आज आम्ही बळेच बसवलेल्या, रसायनशास्त्र विभागाच्या, आज निवृत्त होणाऱ्या प्रमुख डॉ. अंजना ओव्हाळ मॅडम, त्यांचे कुटुंबीय, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि जांभूळ गावाहून टेम्पो करून आलेली सगळी मंडळी. तुम्हा सर्वांना सुरुची फणसेचा नमस्कार.

वक्त्याने आधी हवा-पाण्याचं बोलावं आणि मग विषयाकडे वळावं, अशी आपल्याकडे रीत आहे. पंखे चालू आहेत. मागे आवाज पोचतोय ना? पोचतोय. म्हणजे माझं हवा-पाणी झालं.

ओव्हाळ मॅडमच्या हाताखाली मी याच महाविद्यालयात शिकले आणि पुढे त्यांच्याच विभागात शिकवायला लागले. मॅडम उल्हासनगरच्या कॅम्पातल्या. वडील अंबरनाथच्या कारखान्यात पाळीवर जायचे. शेजारी सगळी सिंधी घरं. पापड लाटणं आणि घासाघीस करणं मॅडम त्या शेजारणींकडून शिकल्या, त्यामुळे आपल्या बदलापूरच्या बाजारात त्यांना कुणी गंडवल्याचं ऐकिवात नाही. प्रयोगशाळेतही तेच. तिथे त्यांचा एका गोष्टीवर फार कटाक्ष, ती म्हणजे कोरी चाचणी. ज्यांचा रसायनशास्त्राशी संबंध दहावीत सुटला, त्यांच्यासाठी सांगते. एखादी वस्तू घालून काय होतं ते बघण्याआधी, ती न घालता काय होतं ते बघायचं. ज्याने कोरी चाचणी गाळली त्याला मॅडम म्हणायच्या, "घरी जा आणि आईला विचार, मीठ घालण्याआधी आमटी कशी लागते ते तिला माहीत आहे की नाही."

आणि त्यांची दुसरी ओळख म्हणजे निरगुडी. जांभूळच्या वाटेवर ओढ्याच्या कडेला ती वाढते. गुडघे दुखले की पाला गरम करून बांधायचा, हे तुमच्या-माझ्या घरात ठाऊक आहे. मॅडम तो पाला पोत्यात भरून रिक्षाने आणायच्या. त्याच्या वासाने रिक्षावाला मागे वळून विचारायचा, "मॅडम, गुडघे का?" मॅडम म्हणायच्या, "नाही बाबा, संशोधन." तो म्हणायचा, "त्याला पण हाच पाला लागतो काय?"

हसताय तुम्ही. छान वाटतं. मलाही असंच हसत-हसवत, मॅडमना नारळ देऊन खाली बसायचं होतं. भाषणही तसंच ठरलं होतं. पण मी इथे उभी आहे ती मान खाली घालून, आणि का, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला बसता येणार नाही. सर, थोडा वेळ लागेल. घड्याळाकडे नका बघू, प्लीज.

ते संशोधन काय होतं, सोप्या शब्दांत सांगते. निरगुडीचा पाला पाण्यात उकळायचा, वाफ थंड करायची, की पाण्यावर तेलाचा तवंग येतो. पोतंभर पाल्याचं तेल निघतं चमचाभर. ते काचेला चिकटून वाया जाऊ नये म्हणून ईथरने विसळून घ्यायचं. ईथर म्हणजे पेट्रोलसारखा पटकन उडणारा द्रव. तो उडून जातो, तेल मागे राहतं. सगळीकडे असंच करतात.

मग त्या तेलाची परीक्षा. एक जांभळ्या रंगाचं द्रावण असतं. त्यात अँटिऑक्सिडंट पडलं की जांभळा रंग उतरून द्रावण पिवळं होतं. अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, तर तेलाला खवट होऊ न देणारं, कापलेल्या सफरचंदाला काळं पडू न देणारं. मॅडमच्या तेलाचा थेंब पडला की जांभळं द्रावण बघता बघता पिवळं व्हायचं. मुंबईला मोठ्या यंत्रावर तेलाचे घटक तपासले. साबिनीन, कॅरिओफायलीन ही निरगुडीतली नेहमीची मंडळी निघालीच, पण त्यांच्यात बीएचटी नावाचा एक पाहुणाही निघाला. एरवी हा कारखान्यात बनतो आणि पाकिटातल्या वेफर्सना खवट होण्यापासून वाचवतो. तो पानात कुठून आला? मॅडमनी शोधलं, तर इतरही काही लेखांमध्ये तो झाडपाल्यात सापडल्याचं छापलेलं होतं. छापलेलं म्हटलं की आपण शिकलेली माणसं लगेच विश्वास ठेवतो. यंत्र काय आहे ते सांगतं, ते कुठून आलं हे सांगत नाही.

लेख छापून आला. स्थानिक पेपरात मॅडमचा फोटो आला. गेल्या वर्षी जांभूळच्या शाळेत आपण गावाच्या साक्षीने त्यांचा सत्कार केला. तिथे आपण काय काय बोललो, आठवतंय? कुणी म्हणालं, हे तेल म्हणजे जांभूळचं अमृत. कुणी म्हणालं, दहा औषधं एका बाजूला आणि हा एक थेंब एका बाजूला. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. माझ्या तोंडून निघालं, "म्हातारपण थांबवणारं तेल." टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या मॅडम सांगत होत्या, "अगं, हे परीक्षानळीतलं आहे, पोटातलं नाही." पण त्यांच्यापुढे माईक नव्हता, आणि तो सरकवावा असं आम्हाला कुणाला वाटलं नाही.

आता या महिन्यातलं सांगते. आजच्या समारंभात काहीतरी वेगळं करावं, म्हणून समितीने ठरवलं की मॅडमनी व्यासपीठावर, सगळ्यांसमोर, तो जांभळा रंग पिवळा करून दाखवावा. छाब्रियासाहेबही बघतील. ते आपल्याला नवी प्रयोगशाळा बांधून देणार आहेत, हे तुम्हाला माहीत आहेच. मॅडमनी मनावर घेतलं. ताजा पाला आणला, तेल काढलं. पण ईथरची बाटली संपलेली, आणि खरेदीची फाईल नेहमीप्रमाणे कुठल्या तरी टेबलावर झोपलेली. म्हणून त्यांनी या वेळी ईथर न वापरता, नळीतून थेंब थेंब तेल उतरवून घेतलं. जांभळ्या द्रावणात घातलं. रंग जांभळाच राहिला. जरासा फिकट झाला, नाही असं नाही. पण पिवळा काही होईना.

त्यांना वाटलं, द्रावण शिळं असेल. नवीन केलं. पुन्हा तेच. तेवढ्यात ईथरची नवी बाटली आली. मग मॅडमनी जे केलं ते इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. पाला नाही, तेल नाही, नुसतं ईथर बशीत ओतलं आणि उडू दिलं. बशी कोरडी झाली. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. ती कोरडी बशी त्यांनी थोड्या अल्कोहोलने विसळली आणि ते धुवण जांभळ्या द्रावणात टाकलं. झरझर पिवळं झालं.

बाटलीच्या लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. ईथर साठवणीत बिघडू नये म्हणून बनवणारे त्यात बीएचटी घालतात. ईथर उडून जातं, बीएचटी मागे उरतं. निरगुडीचं तेल चमचाभर आणि ते गोळा करायला ईथर लोटाभर, त्यामुळे जे उरायचं ते चांगलंच उरायचं. म्हणजे ज्याच्यासाठी आपण हार आणले, ते पानातलं नव्हतं, बाटलीतलं होतं. उडून गेलेल्याची कोरी चाचणी कोण घेतं? कोरी चाचणीशिवाय पाणी न पिणाऱ्या मॅडमनीही घेतली नव्हती. आणि त्या लेखावर माझंही नाव आहे.

पण मला लाज वाटते ती या चुकीची नाही. चूक होते. प्रामाणिक माणसाची होते, आणि प्रामाणिक माणूस ती स्वतः शोधून काढतो, निवृत्तीच्या तोंडावरसुद्धा. मला लाज वाटते ती त्यानंतरच्या आमच्या वागण्याची.

मॅडम स्टाफरूममध्ये आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मी चुकले. ते द्रव्य निरगुडीत नाही." तर आम्ही काय म्हणालो? एक जण म्हणाले, "आधी चहा घ्या." दुसरे म्हणाले, "पण पत्रिका छापून झाल्यात." तिसऱ्यांनी बॅनरची आठवण केली. तो बघा मागे, "निरगुडीतील नवद्रव्याच्या संशोधिका." आणि मी शहाणी, मी म्हणाले, "मॅडम, निवृत्तीनंतर शांतपणे जर्नलला कळवा ना. आत्ता कशाला?"

मॅडम म्हणाल्या, "जर्नलला मी कालच कळवलं. लेख मागे घ्या म्हटलं. पण सुरुची, जर्नल जांभूळला येतं का?"

मला काही कळलं नाही. तेव्हा मला रिक्षात घालून त्या जांभूळला घेऊन गेल्या, मोतीबाईंकडे. मोतीबाई म्हणजे मॅडमना इतकी वर्षं निरगुडी तोडून देणाऱ्या आजी. आज त्या इथे आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत, हिरव्या लुगड्यातल्या. मोतीबाई, हात वर नका करू, बसा निवांत.

मोतीबाईंच्या कपाळाला पट्टी होती. आत्ताही आहे, तुम्ही बघू शकता. चक्कर येऊन त्या नळावर पडल्या होत्या. त्यांना ब्लडप्रेशर आहे. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू होत्या. मॅडमनी गोळ्या कुठे आहेत विचारलं, तर मोतीबाईंनी डबा काढून दाखवला. पाकिटं तशीच. आणि देवाजवळ एक छोटी बाटली. निरगुडीचं तेल. गावातच कुणीतरी पाला उकळून काढलेलं. रोज सकाळी पाण्यात थेंबभर घ्यायच्या.

मॅडमनी त्यांना समजावलं. हात जोडून सांगितलं, "मोतीबाई, माझं चुकलं. हे पोटात घ्यायचं नाही. गोळ्या सुरू करा." मोतीबाई हसल्या. म्हणाल्या, "तुमी मोठेपना घेत नाय, ते मना म्हाईत हाय. पन शाळंत एवढी मोठी मान्सं बोलली. ती काय खोटं बोलतील?" मॅडम पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. शेवटी मोतीबाई जरा रागावूनच म्हणाल्या, "भर सभेत सांगितलंवतं ना? मग भर सभेतच सांगा, नाय म्हनून. आमच्यात असंच हाय. चावडीवर बोललेलं चुलीशी बसून फिरत नाय."

परतीच्या रिक्षात मॅडम एकच वाक्य बोलल्या, "सत्काराला उत्तर देताना मी हे सगळं सांगणार."

ते मी येऊन समितीला सांगितलं. मीच सांगितलं. आणि मग आम्ही बसून काय ठरवलं, ते ऐका. मॅडमना नको म्हणायची आमची हिंमत नव्हती, म्हणून आम्ही कार्यक्रमपत्रिका बदलली. सत्काराला उत्तर, हे नेहमी सत्कारानंतर लगेच असतं. आम्ही ते जेवणानंतर नेलं. का? तर जेवण झालं की पाहुण्यांना निघायचं असतं, आणि जांभूळच्या मंडळींचा टेम्पो उन्हं कलायच्या आत परत न्यायचाय. उरणार आम्ही पाच-सहा जण आणि खुर्च्या उचलणारे. मॅडमनी तेव्हा खुशाल बोलावं. ही पत्रिका माझ्या हातची आहे, माझ्या सुंदर अक्षराचं सरांनी कौतुकही केलं. लाज वाटते मला. भाऊबीजेला ओवाळून भावाच्याच खिशात हात घालावा, तसं वाटतं.

आणि ते प्रात्यक्षिक? मॅडमनी करायला साफ नकार दिला. तेव्हा ते माझ्यावर आलं. समितीचं म्हणणं असं की, जुन्या तेलाची कुपी आहेच, ती वापरा, रंग पिवळा होईलच, आणि त्यात खोटं काय? खरं आहे, द्रावण पिवळं होईल. मी हो म्हणाले. आज सकाळपर्यंत माझं हो होतं.

आज सकाळी व्यासपीठावरचं हे टेबल मी मांडलं तेव्हा मॅडम आल्या, सगळं बघितलं. माझ्या पदराची पिन निघाली होती ती नीट लावून दिली आणि खाली जाऊन बसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग मी जुनी कुपी उचलून ठेवली आणि टेबल नव्याने मांडलं.

सर, आता मला थांबवू नका. हे टेबलावरचं कापड मी काढते. या दोन नळ्या, दोन्हींत तेच जांभळं द्रावण. मागच्यांना दिसतंय? छाब्रियासाहेब, तुम्ही उठून जवळ आलात, थँक यू. काय म्हणालात? "करो, करो, मॅडम, मेरे को भी देखना है." करते. या पहिल्या नळीत मी निरगुडीचं ताजं तेल घालते. मॅडमनी काढलेलं, ईथर न लावलेलं. हलवते. बघा. जांभळं आहे. अजून बघा, घाई नाही. जांभळंच आहे. आता दुसऱ्या नळीत ईथर उडवलेल्या बशीचं धुवण. यात पानाचा अंशसुद्धा नाही. बघा.

पिवळं.

टाळ्या नका वाजवू रे मुलांनो. हे टाळ्यांचं नाही.

जांभूळच्या मंडळींनो, आता हे तुमच्यासाठी. गेल्या वर्षी तुमच्या शाळेत, तुमच्या समोर, मी सुरुची फणसे म्हणाले होते की हे म्हातारपण थांबवणारं तेल आहे. मी जे बोलले ते खरं नव्हतं. आमच्यातल्या बाकीच्यांनी जे सांगितलं तेही खरं नव्हतं. ओव्हाळ मॅडम तसं कधीच म्हणाल्या नव्हत्या. निरगुडीचा पाला गुडघ्याला बांधा, तुमच्या आजीने बांधला तसा. पण तेल प्यायचं नाही. आणि दवाखान्यातली गोळी कुणीही, कुठल्याही तेलासाठी बंद करायची नाही. मोतीबाई, भर सभेत सांगितलं बघा. आता तरी घ्याल ना गोळ्या?

मोतीबाई काहीतरी विचारतायत. जरा त्यांच्याकडे माईक द्या. नको, राहू दे, मला ऐकू आलं. मागच्यांना आलं नसेल, म्हणून सांगते. त्या विचारतायत, "घ्येते मी गोळ्या. पन मग याच्यासाठीच काढताय का आमच्या बाईंना?"

नाही हो, मोतीबाई. बाईंचं वय झालं म्हणून त्या निवृत्त होतायत, सगळ्यांनाच व्हावं लागतं. चुकीसाठी काढायचं असतं तर हा हार त्यांच्या गळ्यात नसता, आणि पहिली खुर्ची माझी रिकामी झाली असती.

माझं बोलणं इथे संपवते. अध्यक्षांचा मी मान राखला नाही, त्याबद्दल सरांनी मला जे बोलायचं ते उद्या केबिनमध्ये बोलावं, मी ऐकून घेईन. पाहुण्यांचे आभार, जांभूळच्या मंडळींचे, लांबून आल्याबद्दल आणि शेवटपर्यंत ऐकल्याबद्दल, विशेष आभार. शब्दांत कमी-जास्त झालं असेल तर ते पोटात घालावं. बाकीचं पोटात घालू नका, त्याची आठवण ठेवा.

आणि पत्रिकेत मी एक बदल करते. जेवण थांबेल. टेम्पोवाल्याला सांगा, थोडा थांब. मॅडम, या. सत्काराला उत्तर आत्ता आहे, आणि हा माईक चालू आहे.